धुऊन आलेला डबा

इंदूरला अन्नपूर्णेच्या देवळामागच्या तिसऱ्या गल्लीत दुपारी अडीचला शाळेची व्हॅन थांबली की इंदुमतीबाई जगदाळे हातातलं काम आहे तिथे ठेवत. जप चालू असेल तर माळ गोमुखीत जाई आणि गोमुखी देवीच्या तसबिरीपाशी. मग पदर खोचून त्या अंगणातल्या धुण्याच्या दगडाशी बसत. अकरा मुलं फाटकातून आत शिरत, बुटांचा ढीग पडे, आणि बाईंच्या पुढ्यात एकामागून एक अकरा डबे येऊन आदळत.

डबे त्या स्वतः धूत. भांड्यांना बाई होती, पण मुलांच्या डब्यांना तिचा हात त्या लागू देत नसत. उघडून बघितल्याशिवाय एकही डबा पाण्याखाली जात नसे. अभिरामच्या डब्यात पराठ्याच्या कडा उरायच्या, कारण त्या त्याला टोचतात. ईशा पोह्यांवरची शेव वेचून खाई आणि खालचे पोहे निम्मे परत आणी. कुणाच्या घरी सकाळी वादावादी झालीय, कुणाची आई माहेरी गेलीय, कुणाला ताप येऊ घातलाय, सगळं त्यांना डब्याच्या तळाशी दिसे. संध्याकाळी न्यायला आलेल्या आईला त्या सहज सांगत, आज ह्याला मऊ भात दे गं. आई घरी जाऊन बघे तर पोराचं अंग खरंच कोमट लागे. गल्लीत म्हणत, काकूजींना देवीचं वरदान आहे. बाई म्हणत, कसलं वरदान, मी नुसती झाकणं उघडते.

ही मुलं त्यांच्या घरात आली तीही एका जेवणापायीच. नऊ वर्षांपूर्वी जगदाळे गेले. मुलगी विनीता लग्न होऊन भोपाळला. एकटीसाठी कणीक मळायचा बाईंना कंटाळा येऊ लागला. देवीला नैवेद्य दाखवायचा म्हणून चूल पेटे, आणि नैवेद्याच्या वाटीतलं तेवढंच खाऊन त्या उठत. गल्लीच्या टोकाला राहणारे मालोजीराव फणसे जगदाळ्यांचे जुने दोस्त. त्यांचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते, ते स्वतः वीज मंडळातून निवृत्त झालेले. एक दिवस दोन वर्षांच्या नातवाला, यशवर्धनला, काखेत मारून ते दारात उभे राहिले. म्हणाले, ह्याची आई नोकरीला जाते, माझ्याच्यानं हा आवरत नाही. वहिनी, ह्याला जेवू घाला, म्हणजे त्याच्या निमित्तानं तुम्हीही जेवाल. पुढल्या महिन्यात घरातल्या जुन्या बारा पितळी थाळ्याही त्यांनी पाठवून दिल्या. फणश्यांचा नातू जातो म्हटल्यावर बाकीच्यांनीही आपली मुलं पाठवली. हे उपकार इंदुमतीबाई कधी विसरल्या नाहीत. रोज त्या थाळ्या मांडताना मनातल्या मनात त्यांना हात जोडत.

तीन वाजता पंगत बसे. आधी देवीला नैवेद्य, मग श्लोक, मग वाढणं. ह्या पंगतीचा एक नियम होता आणि तो सगळ्या अन्नपूर्णा भागात बायकांना तोंडपाठ होता. दोघांचं भांडण झालं, की त्या दोघांना समोरासमोर बसवायचं आणि एकानं दुसऱ्याला घास भरवायचा. कोण चुकलं, कोण आधी बोललं, हे बाई विचारतच नसत. अन्नासमोर वैर टिकत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि खरंच, लाल डोळ्यांनी भरवलेला वरणभात गिळेपर्यंत दोघंही खुदकन हसत. कितीतरी भांडणं त्यांनी अशी मिटवली होती. हळदीकुंकवाला कुणी विषय काढला की बाई संकोचत, पण मनातून त्यांना ह्या नियमाचा अभिमान होता.

ऋग्वेद आला तो जुलैत. त्याचे आईवडील साताऱ्याकडचे. वडील वासुदेव पीथमपूरला कारखान्यात, आई प्राची एका कंपनीच्या ऑफिसात. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत, गोलसर हातांचा, शांत. इंदूरच्या शाळेतली झपाझप हिंदी त्याच्या तोंडी बसली नव्हती. बोलण्याआधी तो थांबे, मनात वाक्य जुळवी, मग उच्चारी. वर्गानं आठ दिवसांत त्याचं नाव ठेवलं, "बफरिंग", मोबाइलवरचा व्हिडिओ अडकून राहतो तसा. यशवर्धन त्याच वर्गात होता आणि नाव त्यानंच ठेवलेलं होतं. बाईंच्या अंगणातही ते कानावर आलं. बाईंना शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. कुठलासा खेळ असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

गणपती झाले आणि ऋग्वेदचा डबा स्वच्छ येऊ लागला.

पहिले दोन दिवस बाईंना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी हात थांबला. प्राचीनं सकाळी थालीपीठ आणि लोणी दिल्याचं तिनंच सांगितलं होतं, आणि लोण्याचा डबा कितीही चाटूनपुसून खाल्ला तरी कडेला तूपकट राहतोच. ह्या डब्याला ओशटपणा नव्हता. नाकाशी नेला तर शाळेतल्या हात धुवायच्या साबणाचा वास आला. त्यांनी विचारलं, तेव्हा ऋग्वेद नेहमीसारखा थांबला आणि म्हणाला की खूप आवडलं म्हणून सगळं खाल्लं आणि डबा धुऊन ठेवला. शहाणं बाळ, बाई म्हणाल्या. तीन वाजता तो पंगतीत चार चार पोळ्या खाई. वाढतं वय आहे, त्या म्हणाल्या, आणि तूप वाढलं. नऊ वर्षं डबे वाचणारी बाई त्या महिन्यात वाचायला चुकली.

मग एका दुपारी अंगणात गलका झाला. यशवर्धननं ऋग्वेदचा बूट पत्र्यावर भिरकावला होता आणि ऋग्वेदनं पाण्याची बाटली त्याच्या अंगावर फेकली होती. बाटली लागली नाही, नुसतं पाणी उडालं. बाईंनी बांबूनं बूट खाली पाडला आणि नियमाप्रमाणे दोघांना समोरासमोर बसवलं. यशवर्धननं हसत हसत घास भरवला. मग ऋग्वेदची पाळी आली. यशवर्धननं मोठा आ केला, घास घेतला आणि बोटही दातांत धरलं, जरा वेळ तसंच. सगळी मुलं खिदळली. बाईही हसल्या.

"झालं. मिटलं," त्या म्हणाल्या.

ऋग्वेदनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग तो थाळीकडे बघून जेवू लागला.

ह्याला दहा दिवसही झाले नसतील. शाळा सुटताना ऋग्वेद जिन्यावरून पडला. मनगट मोडलं, कपाळाला पाच टाके पडले. शाळेनं कळवलं की धावत होता, पाय घसरला. व्हॅनमधल्या मुलांनीही एकाच सुरात सांगितलं, "तो स्वतःच गिरला, काकूजी." बाईंनी देवीपुढे तुपाचा दिवा लावला आणि लेकराला लवकर बरं कर म्हणून प्रार्थना केली.

तिसऱ्या दिवशी प्राची आली. दोन दिवस दवाखान्यात गेलेले, डोळे सुजलेले. ऋग्वेदची घरातली चप्पल आणि चित्रांची वही घ्यायला आली होती. प्लॅस्टर निघालं की त्याला साताऱ्याला आजीआजोबांकडे ठेवायचा विचार आहे, ती म्हणाली. रात्री दचकून उठतो, शाळेचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतो. काय झालं विचारलं तर बोलत नाही. डॉक्टर म्हणतात पडल्याचा धक्का आहे. जाताना तिनं पिशवीतून डबा काढला.

"त्या दिवसाचा तसाच दप्तरात राहिला, काकू. मला उघडवेना. दोन दिवसांचं अन्न, वास मारत असेल."

ती गेल्यावर बाई दगडाशी बसल्या आणि त्यांनी झाकण काढलं.

आत मैदानातली माती होती, पाणी घालून कालवलेली. बोटानं बाजूला सारली तेव्हा खाली पोळीचा रोल दिसला, गूळतुपाचा, प्राचीनं कागदी रुमालात नीट गुंडाळून दिलेला.

इंदुमतीबाईंनी आयुष्यात पानावरचं शीत कधी वाया घालवलं नव्हतं. पडलेला दाणासुद्धा त्या उचलून डोळ्याला लावत आणि चिमण्यांना टाकत. तो डबा त्या मांडीवरच घेऊन बसल्या. मुलं अंगणात खेळत होती. ईशा पाणी प्यायला आली, डब्यात डोकावली आणि जागीच उभी राहिली. ईशाही पाचवीतच होती.

बाईंनी तिला जवळ बसवलं. हळूहळू, बुटाच्या नाडीशी खेळत, तिनं सांगितलं. रोज माती घालतात. मधल्या सुट्टीत यश बोलतो, चलो, बफरिंगला चटणी वाढा. तीन-चार जण धरतात. मग ऋग्वेद नळावर जाऊन डबा धुतो, साबण लावून.

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

ईशानं नाडी सोडून दिली. मग अगदी साधेपणानं, जशी पाढ्याची ओळ सांगावी तशी, म्हणाली, "तुम्ही घास भरवायला लावला असता ना."

त्या संध्याकाळी मुलं गेल्यावर बाईंनी दिवा लावला, पण पुढ्यात बसवेना. दोन पोरं बरोबरीनं भांडतात, तेव्हा घास कामाला येतो. इथे भांडण नव्हतंच. एकाला रोज माती खाऊ घातली जात होती, आणि ज्या घरात तो धाडस करून पहिल्यांदा चिडला, त्या घरात आपण त्यालाच वाकवून मारणाऱ्याच्या तोंडात घास घालायला लावला. वर हसलो. त्यानं मान वर करून पाहिलं होतं ते ह्याच्यासाठी. त्यानंतर तो डबा आणखी घासून धूत असेल, आपल्याला कळू नये म्हणून.

आता बोलायचं म्हटलं तर मालोजीरावांच्या उंबऱ्यावर जाऊन बोलायला हवं. आणि गप्प बसलं तर पोर तोंड मिटून साताऱ्याला जाईल, ती माती कायमची पोटात घेऊन. बाईंनी फार विचार केला नाही. डबा तसाच फडक्यात बांधून ठेवला.

सकाळी साडेसातला मालोजीराव पोह्यांची बशी घेऊन बैठकीत बसले होते. या या इंदुवहिनी, म्हणत त्यांनी सुनेला अजून एक बशी सांगितली. बाईंनी फडकं सोडलं आणि उघडा डबा त्यांच्या पोह्यांशेजारी ठेवला.

"हे तुमच्या नातवानं वाढलेलं आहे, भाऊजी. महिनाभर रोज. आणि मी ह्याच हातानं त्याला पहिली पोळी देत होते."

मालोजीरावांना आधी कळेना, मग कळलं तेव्हा राग आला. पोरं आहेत, मस्ती करतात, ते म्हणाले. आमच्या वेळी तर आम्ही एकमेकांना विहिरीत ढकलत होतो. शाळा स्वतः म्हणतेय की पडला. ह्यात घराण्याचं नाव कशाला? आपण काही परके आहोत का, इतक्या वर्षांचं येणंजाणं. थाळ्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण बोलता बोलता नजर बाईंच्या हातांवर गेली आणि बाईंना ती कळली.

"थाळ्या हव्या असतील तर आज घासून पाठवते," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुलं केळीच्या पानावर जेवतील. पण शाळेत मी जाणार आहे. तुम्ही बरोबर आलात तर बरं दिसेल, एवढंच."

यशवर्धन गणवेश घालून आतल्या दारात उभा होता, किती वेळ कुणास ठाऊक. बाईंनी त्याला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही. डबा बघ, म्हणाल्या. तो बघेना. बाई थांबल्या. शेवटी त्यानं बघितलं आणि ओठ वाकडे झाले.

"मी धक्का नाही दिला, काकूजी. मी फक्त बॅग खेचली."

"का?"

"तो बोलला, आज धुणार नाही. काकूजींना दाखवणार." त्याला हुंदका आला. "म्हणून मी डबा घ्यायला गेलो. त्यानं बॅग सोडलीच नाही."

इंदुमतीबाईंनी पदर तोंडाशी धरला. इतकं होऊनही पोर आपल्याकडेच यायला निघालं होतं.

मालोजीराव उठले. पोह्यांची बशी त्यांनी डब्यापासून दूर सरकवली, आत जाऊन कोट घातला, काठी घेतली आणि नातवाला म्हणाले, चल. शाळेत मुख्याध्यापिकाबाई आधी प्रकरण वाढवायला तयार नव्हत्या. अपघात म्हणून नोंद झालेली आहे, म्हणाल्या. तेव्हा त्या थोरल्या माणसानं उभं राहून सांगितलं की नोंद बदला, माझ्या नातवानं ओढलं म्हणून तो मुलगा पडला, आणि त्याआधी महिनाभर काय चाललं होतं तेही लिहा. बाकीच्या तिघांच्या घरच्यांना बोलावणं गेलं. यशवर्धनला पंधरा दिवस शाळेत यायला मनाई झाली. मालोजीराव परतताना वाटेत एकच वाक्य बोलले, की वहिनी, थाळ्यांचं पुन्हा बोलू नका.

पण बाईंचं खरं काम अजून राहिलं होतं. दुपारी त्या ऋग्वेदकडे गेल्या. हातात गूळतुपाच्या पोळ्या होत्या. तो पलंगावर डाव्या हातानं रेघोट्या काढत होता. प्राचीला आणि वासुदेवला त्यांनी आधी सगळं सांगितलं, स्वतःची चूकही न वगळता. मग त्या पलंगाशी खाली जमिनीवर बसल्या, साठीला आलेल्या गुडघ्यांची पर्वा न करता, म्हणजे त्यांचं तोंड त्याच्या तोंडाच्या खाली आलं.

"मी तुझी माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुला घास भरवायला लावला. तो लावायला नको होता."

ऋग्वेदनं पेन्सिल थांबवली. प्राची मध्ये बोलणार होती, बाईंनी हातानंच तिला थांबवलं.

"त्यानं बोट चावलं होतं," तो म्हणाला.

"दाखव."

प्लॅस्टरमधून बाहेर आलेलं बोट त्यानं पुढे केलं. त्यावर आता काहीच खूण नव्हती. तरी बाईंनी चष्मा लावला, बोट हातात घेतलं आणि नीट बघितलं, चारी बाजूंनी.

"मी परत आलो तर त्याला माफ करावं लागेल?"

देवीची इतकी वर्षं सेवा केलेली बाई. क्षमा हा शब्द त्यांच्या रोजच्या स्तोत्रात होता. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "ते तुझं तू बघ. मी विचारणार नाही, कुणाला विचारूही देणार नाही."

आठवड्याभरात गल्लीत बातमी फिरली. दोन आया म्हणाल्या, यशवर्धनला काढा नाहीतर आमची मुलं नेतो. बाईंनी त्याला काढलं नाही. त्याला काढलं तर तो जिथे जाईल तिथेही कुणाचा तरी डबा असेलच, असं त्यांनी सांगितलं. दोघींनी खरंच मुलं नेली. अकराची नऊ झाली. घास भरवण्याचा नियमही त्यांनी त्याच आठवड्यात बंद केला, ज्याचं इतकी वर्षं कौतुक झालं तो. ज्याला सांगायचं असेल त्यानं डबा दगडावर न टाकता स्वयंपाकघरात आणून द्यावा, म्हणजे दार लोटून ऐकता येईल, एवढं मुलांना समजावलं. पहिल्याच दिवशी अभिराम आला आणि दबक्या आवाजात सांगून गेला की व्हॅनमध्ये त्याला रोज चिमटे बसतात.

यशवर्धनला काम मिळालं. रोज दगडाशी बाईंच्या बाजूला बसायचं, एकेक डबा उघडायचा, आत काय उरलंय ते मोठ्यानं सांगायचं, मग घासायचा. पहिले चार दिवस तो रडवेला बसे. पाचव्या दिवशी त्यानं स्वतःहून म्हटलं, ईशानं आज काहीच नाही खाल्लं, काकूजी. ईशाला खरंच पोटात दुखत होतं.

दिवाळी झाली. ऋग्वेदचं प्लॅस्टर निघालं. साताऱ्याचं तिकीट काढायचं की नाही, हे प्राचीनं त्याच्यावर सोडलं होतं. बाईंनी फोन केला नाही, निरोप धाडला नाही. रोज पंगत मांडताना एक थाळी जास्त मांडत आणि जेवणं झाल्यावर कोरीच उचलून ठेवत. कार्तिकातल्या एका सोमवारी व्हॅनमधून तो उतरला. हात बारीक झालेला, कपाळावर गुलाबी रेघ. यशवर्धन फाटकाशीच होता. त्यानं खाली बघत "सॉरी यार" म्हटलं. ऋग्वेद उत्तर न देता पुढे गेला. बाईंनी ते पाहिलं आणि कढईतली भाजी परतत राहिल्या. पंगतीत तो एका टोकाला बसला, यशवर्धन दुसऱ्या. तसेच ते पुढले बरेच दिवस बसले.

त्या पहिल्या दिवशी, पंगतीआधी डब्यांच्या वेळी, बाई मात्र कढई उतरवून लगबगीनं दगडाशी आल्या. यशवर्धननं एकेक झाकण काढलं. अभिरामच्या कडा. ईशाचे पोहे. मग ऋग्वेदचा डबा आला, आणि तो हातात घेऊन यशवर्धन जरा अडखळला. उघडला.

"भेंडी सोडलीय," तो म्हणाला. "अर्धी. आणि पोळीचा तुकडा."

बाईंनी डबा ओढून घेतला. कडेला तेल होतं, कोपऱ्यात मसाला चिकटला होता, झाकणाला भाजीचा वास होता. अन्न टाकलेलं त्यांना कधी खपत नसे, ह्यावर त्यांनी कितीतरी मुलांना ऐकवलं होतं. आज त्यांनी उरलेली भेंडी आणि तुकडा गायीच्या पातेल्यात काढला आणि डबा कितीतरी वेळ हातात धरून ठेवला.

"भेंडी का रे सोडलीस?" त्यांनी ओसरीकडे बघून विचारलं.

ऋग्वेद थांबला. नेहमीसारखा, मनात वाक्य जुळवत. अंगणात कुणी हसलं नाही. यशवर्धन साबणाचा हात तसाच धरून बसला.

"आई," ऋग्वेद म्हणाला, आणि पुन्हा थांबला, "आई भेंडी चिकट करते. तुमच्यासारखी तिला जमत नाही. तुम्ही तिला शिकवा."